आग्नेयेला तोंड नसलेली छत्री : प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

बुधवारी राज्य सरकारनं उपग्रहांवरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंक कंपनीबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या. बातमीत चार जिल्ह्यांची नावं होती : गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशीम. धाराशिव आमच्या शेजारचं. तुळजापूरकडची माझी निम्मी गिऱ्हाइकं केबलच्या जमान्यापासूनची आहेत. चार दिवसांत सात फोन आले आणि सातही जणांनी एकच विचारलं, "मालक, ती नवी इंटरनेटची छत्री कोणत्या दिशेला बसवायची ओ?"

बावीस वर्षं छत्र्या बसवतोय, पण याचं उत्तर मला देता आलं नाही. फ्री डिश लावायची तर जीसॅट-१५ उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, सोलापूर ७५.९ वर. म्हणजे तोंड आग्नेयेला, आकाशात कोन साधारण ६१ अंश. (ऑफसेट छत्री, म्हणजे जिचा संदेश टिपणारा डबा मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, ती दिसायला त्याहून बरीच उभी दिसते. नवीन पोरं हमखास तिथंच फसतात.) विषुववृत्तावर ३५,७८६ किमी उंचीवर उपग्रहाची एक फेरी पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या एका फेरीइतक्याच वेळात होते, म्हणून तो आपल्याला एका जागी खिळल्यासारखा दिसतो. बोल्ट एकदा आवळला की दहा वर्षं बघायला नको. सोलापुरात कुणी रस्ता चुकलं तर गच्चीवरच्या छत्र्या बघाव्यात, आग्नेय सापडते. वास्तूवाले तिथं स्वयंपाकघर सांगतात, आम्ही एलएनबी (तो संदेश टिपणारा डबा).

नवे उपग्रह मात्र ५५० किमीवर आहेत आणि ते थांबत नाहीत. भाचा इलेक्ट्रॉनिक्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला प्रकल्प हवाच होता. मला दुकानात लावायला एक फ्लेक्स हवाय : कोणाचे उपग्रह किती उंचीवर आहेत आणि त्यामुळं आपल्या गच्चीवर काय फरक पडतो. ठरलं. नोंदी मी ठेवणार, हिशोब तो करणार.

१३ नोव्हेंबर

भाच्यानं सेलेसट्रॅक या वेबसाइटवरून उपग्रहांच्या कक्षांचे आकडे उतरवून आणले. प्रत्येक उपग्रहाच्या दोन ओळी, त्याला टीएलई म्हणतात. गंमत म्हणजे त्यात उंची कुठंच लिहिलेली नसते. दुसऱ्या ओळीत ५३ व्या घरापासून ६३ व्या घरापर्यंत एक आकडा असतो : दिवसाला किती फेऱ्या. उंची आपण काढायची.

केपलरचा नियम शाळेत पाठ केला होता, फेरीच्या काळाचा वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. तो या वयात उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. स्टारलिंकच्या एका उपग्रहासमोर १५.०६ फेऱ्या होत्या. ८६,४०० सेकंद भागिले १५.०६, म्हणजे एक फेरी सुमारे ५,७३७ सेकंदांची, साडेपंच्याण्णव मिनिटं. मी कॅल्क्युलेटरवर पुढं सरकलो आणि उत्तर आलं ६,९२६ किमी.

"हे तर पार वर गेलं की रे."

"मामा, पृथ्वीची त्रिज्या वजा केली का?"

नव्हती केली. हे अंतर पृथ्वीच्या मध्यापासूनचं. ६,३७८ वजा केल्यावर ५४८. चहा माझ्याकडून.

ही गोष्ट मला फार आवडली, म्हणून सविस्तर लिहून ठेवतो. उंची, वेग आणि फेरीचा काळ हे तिन्ही एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत. ५५० किमीवर राहायचं तर सेकंदाला ७.५९ किमी पळायलाच लागतं. कंपनीला फक्त उंची ठरवता येते, बाकीचं पृथ्वी ठरवते. आमच्या धंद्यात अशी शिस्त असती तर बरं झालं असतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

बाकीच्या कंपन्यांच्या उंच्या काढल्या. वनवेब या दुसऱ्या उपग्रह-इंटरनेट कंपनीचे आकडे १३.१६ च्या आसपास निघाले, म्हणजे १,२०० किमी, फेरी १०९ मिनिटांची. त्यांच्या कक्षा विषुववृत्ताला ८७.९ अंश कललेल्या, जवळजवळ ध्रुवावरून ध्रुवावर. हे नाव आपल्याला परकं नाही. ऑक्टोबर २०२२ आणि मार्च २०२३ मध्ये इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटनं श्रीहरिकोट्याहून त्यांचे ३६-३६ उपग्रह वर नेले. पण रॉकेटनं ते १,२०० वर सोडले नव्हते. पहिल्या खेपेला ६०१ किमीवर सोडले, दुसऱ्या खेपेला ४५० वर. पुढची चढण त्यांनी स्वतःच्या विजेच्या इंजिनावर हळूहळू चढली. एसटीनं फाट्यावर उतरायचं आणि पुढं वाडीपर्यंत पायी जायचं, तसं.

ॲमेझॉनचे उपग्रह, ज्यांना परवापर्यंत कायपर म्हणायचे आणि आता लिओ म्हणतात, ५९०, ६१० आणि ६३० किमी अशा तीन थरांत बसणार आहेत. एकूण ३,२३६. स्टारलिंकचेही थर आहेत : ५४०, ५५०, ५६०, ५७०. मूळ बेत मात्र अकराशे ते तेराशे किमीचा होता. २०१८ ते २०२१ या काळात त्यांनी अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडून एकेक करत सगळे खाली आणायची परवानगी घेतली. का, हे पुढं बघायचं. इरिडियमचे फोनवाले ६६ उपग्रह ७८० वर, ते जुने जाणते.

संध्याकाळी जुळे सोलापूरच्या गच्चीवर दुर्बीण घेऊन बसलो. रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांनी काहीच दिसू दिलं नाही. एक ठिपका सापडला म्हणून भाचा ओरडला, ते विमान होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

हा दिवस नीट लिहायचा आहे.

नान्नजला भाच्याच्या मित्राची द्राक्षबाग आहे. माळढोक अभयारण्याच्या बाजूला, त्यामुळं तिकडं दिवे कमी. पावणेसहाला पोचलो. सूर्य ५.५० ला बुडाला. मार्गशीर्षातली तृतीयेची कोर पश्चिमेला होती, तिचा काही त्रास झाला नाही.

कल्पना भाच्याची. आपल्याकडं अंधार पडतो तेव्हा वर उपग्रहावर ऊन असतंच, म्हणून तर तो चमकतो. सूर्य क्षितिजाखाली जसजसा जातो तसतशी पृथ्वीची सावली वर चढते. उपग्रह जितका उंच तितका उशिरापर्यंत उन्हात. म्हणजे बरोबर डोक्यावर असलेला उपग्रह किती वाजता सावलीत शिरून विझला हे घड्याळात टिपलं, तर त्यावरून त्याची उंची काढता येते. ना टीएलई, ना इंटरनेट. घड्याळ, पंचांग आणि त्रिकोणमिती.

हिशोब आधीच करून ठेवला होता. ५५० किमीवरचा उपग्रह डोक्यावर असेल तर सूर्य २३ अंश खाली गेल्यावर तो विझणार. आज सोलापुरात तेवढं खाली जायला सूर्यास्तापासून ९८ मिनिटं लागतात, म्हणजे ७.२८. वनवेबच्या उंचीवरचा विझायला २ तास २० मिनिटं. तो मात्र फार अंधुक, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

साडेसहापासून सात जाताना दिसले. काही उत्तरेकडं तिरपे गेले, ते सोडून दिले, कारण हा हिशोब फक्त डोक्यावरच्याला लागू होतो. मी मान वर करून करून थकलो आणि बांधावर आडवा झालो. ७.२५ ला एक नैर्ऋत्येकडून आला, फिकट पण सरळ. भाच्याकडं दुर्बीण, माझ्याकडं मोबाईलचं घड्याळ. डोक्यावर येता येता तो आधी तांबूस झाला, मग दोन-तीन सेकंदांत पुसल्यासारखा गेला. ७.२६.

त्या क्षणी सूर्य २२.६६ अंश खाली होता. उंची निघाली ५३३ किमी.

बागेतच भाच्यानं फोनवर तपासलं. त्या वेळी तिथून जाणाऱ्या स्टारलिंकची टीएलईवरून उंची ५४७ येत होती. चौदा किमीचा फरक. तो हिरमुसला, मी नाही. त्याला म्हटलं, मिनिटाची चूक किती किलोमीटरची ते काढ. निघालं ११. आम्ही सेकंद टिपलेच नव्हते, नुसतं ७.२६ लिहिलं होतं. शिवाय तो अगदी डोक्यावर नसून दोन-तीन अंश बाजूला असणार. बांधावर पडून, पृथ्वीची सावली वापरून, पाचशे किलोमीटरवरच्या वस्तूची उंची चौदा किलोमीटरच्या फरकानं मोजली. मित्राच्या आईनं कडक भाकरी आणि शेंगा चटणी दिली, ती बांधावरच खाल्ली.

३० नोव्हेंबर

लग्नसराई. कार्यालयात कॅमेरे बसवायची दोन कामं. प्रकल्प शून्य.

७ डिसेंबर, रविवार

आज मूळ प्रश्नाला भिडलो : छत्रीचं तोंड कुठं?

स्टारलिंकची छत्री ही छत्री नाहीच. पाटासारखी चपटी असते. आत शेकडो छोटे अँटेना असतात, त्यांच्या लहरींची वेळ पुढंमागं करून झोत विजेच्या वेगानं वळवतात. पाट जागचा हलत नाही. क्षितिजापासून २५ अंशांच्या वर जे आकाश आहे त्यात जो उपग्रह सोयीचा तो धरायचा. जोडणी दर १५ सेकंदांनी नव्यानं ठरते. डोक्यावरून जाणारा उपग्रह २५ अंशांपासून पलीकडच्या २५ अंशांपर्यंत जास्तीत जास्त साडेचार मिनिटं टिकतो, मग दुसरा.

म्हणजे फोन करणाऱ्या तुळजापूरकडच्या आप्पांना सांगायचं, दिशा नाही. वर.

पण भाच्यानं एक फार चांगली गोष्ट काढली. ५५० किमीवरून २५ अंशांचा नियम धरला तर एका उपग्रहाला जमिनीचं ९४० किमी त्रिज्येचं वर्तुळ दिसतं. सोलापूर मध्याला धरलं तर मुंबई, हैदराबाद, बंगळूर सगळं त्यात. १,२०० किमीवरून हीच त्रिज्या १,७०० होते. म्हणूनच वनवेबचं काम साडेसहाशे उपग्रहांच्या आराखड्यात भागतं आणि स्टारलिंकला हजारो लागतात. खाली राहायची ही किंमत.

मग मी विचारलं, आपल्या आकाशात एका वेळी किती? त्यानं ५५० चा पहिला थर घेतला : १,५८४ उपग्रह, कल ५३ अंश. मला वाटलं सगळीकडं सारखेच पसरलेले असणार. तसं नाही. उपग्रह ५३ अंश उत्तरेपर्यंत जातो आणि परत फिरतो. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर रेंगाळतो आणि मधून सपकन जातो, तसं. त्यामुळं ५० अंश अक्षांशाला दाटी, आणि आपण १७.६६ वर, झोपाळ्याच्या मधल्या सपाट्यात. हिशोब आला : तिकडं आपल्यापेक्षा तिपटीहून थोडी जास्त दाटी. सोलापूरच्या वाट्याला त्या थरातले सरासरी सात.

सात पुरतात का? एकाच घराला पुरतात. प्रश्न आहे तो त्याच सातांवर अख्ख्या दख्खनच्या किती घरांचा भार पडणार याचा. हे फ्लेक्सवर लिहायचं नाही, गिऱ्हाईक बिथरतं. नोंदीत असू दे.

२१ डिसेंबर, रविवार

तुळजापूरकडं कॅमेऱ्याच्या कामाला गेलो होतो, आप्पांच्या वस्तीवर थांबलो. त्यांच्या अंगणात दहा मीटर उंचीचा कडुलिंब आहे. जुन्या छत्रीला तो कधी आडवा आला नाही, कारण ती आग्नेयेला बघायची आणि झाड पश्चिमेला. नव्याला चारी बाजू मोकळ्या लागणार. पाट जमिनीवर ठेवला तर २५ अंश मोकळे मिळायला झाडापासून २१ मीटर लांब जायला हवं. आप्पा म्हणाले, "झाड तोडणार नाही." मी म्हटलं, कोण सांगतंय तोडायला, माळवदावर चढवू. तिथून झाड निम्मंच उरतं.

परत येताना गाडीत भाच्यानं विचारलं, मग सगळ्यांनीच १,२०० वर का जाऊ नये? कमी उपग्रह, मोठं वर्तुळ.

वेळेचा फरक म्हणाल तर फार नाही. जमिनीवरून वर, वरून खाली, उत्तर परत वर आणि खाली, अशा चार उड्या. ५५० वरून एकूण ७.३ मिलिसेकंद, १,२०० वरून १६. आपल्या जुन्या ३५,७८६ वाल्याला मात्र ४७७. त्यामुळंच त्या उपग्रहावरून फोनवर बोलताना दोघंही एकदम बोलतात आणि दोघंही एकदम थांबतात. तिथून खाली आल्यावर पाचशे काय आणि बाराशे काय, व्हिडिओ कॉलवाल्याला कळणारही नाही.

खरं कारण कचरा. ५५० वर हवा अगदी नावाला असते, पण असते. बंद पडलेला उपग्रह तिच्याशी घासत घासत काही वर्षांत खाली येऊन जळतो. १,२०० वर मेलेला शतकानुशतकं तिथंच. फेब्रुवारी २००९ मध्ये इरिडियमचा चालू उपग्रह आणि रशियाचा बंद पडलेला कॉसमॉस ७८९ किमीवर आदळले, त्यांचे तुकडे अजून फिरताहेत. खाली आणायची परवानगी का मागितली ते इथं उलगडलं. निदान एक कारण तरी.

आणि फार खालीही परवडत नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे ४९ उपग्रह तपासणीसाठी आधी २१० किमीवर सोडले होते. नेमकं सौर वादळ आलं, वरची हवा तापून फुगली, घर्षण वाढलं आणि चाळीसएक उपग्रह परत खाली येऊन जळाले. मे २०२४ च्या मोठ्या वादळात लडाखच्या हानलेहून तांबडा ध्रुवीय प्रकाश दिसला होता, तो फोटो सगळ्यांनीच पाहिलाय. त्या वेळीही वरची हवा अशीच फुगली होती.

२८ डिसेंबर, रविवार

फ्लेक्स छापून आला. तीन बाय चार फूट. खाली पृथ्वी, वर रेघा : स्टारलिंक ५५०, ॲमेझॉन ५९० ते ६३०, इरिडियम ७८०, वनवेब १,२००. जीसॅट त्याच प्रमाणात काढायचा तर दुकानाच्या छपराच्या बरंच वर गेला असता, म्हणून बाण काढून 'अजून खूप वर' असं लिहिलं. छापणाऱ्यानं 'कक्षा' चं 'कक्ष' केलंय. चालवून घेतलं.

४ जानेवारी २०२६, रविवार

फ्लेक्स टांगून आठवडा झाला नाही तोवर भाचा सकाळी सकाळी फोन घेऊन आला. स्टारलिंकनं वर्षाच्या पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ५५० च्या आसपासचे सुमारे ४,४०० उपग्रह या वर्षभरात ४८० किमीवर आणणार.

मी फ्लेक्सकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

कारण वाचलं तेव्हा मात्र राग गेला. सूर्याचं अकरा वर्षांचं चक्र आता उताराला लागलंय. सूर्य शांत झाला की वरची हवा आक्रसते, विरळ होते. चालू उपग्रहाला ते बरंच, पण मेलेल्याला खाली ओढणारं कुणी उरत नाही. शांत सूर्याच्या काळात ५५० वर मेलेला उपग्रह खाली यायला चार वर्षांहून जास्त घेतो, ४८० वरून तेच काम काही महिन्यांत होतं. शिवाय ५०० च्या खाली कचराही कमी आणि दुसऱ्यांचे उपग्रहही कमी. डिसेंबरातच ४१८ किमीवर त्यांच्या एका उपग्रहाशी संपर्क तुटला होता, त्यामुळं हा विषय त्यांच्या डोक्यात ताजा असणार.

मी एवढे दिवस उंची म्हणजे पत्ता समजत होतो. एकदा लिहिला की झाला. सूर्याकडं बघून घर हलवणारे हे पहिलेच बघितले.

१८ जानेवारी, रविवार

गड्ड्याची (सिद्धेश्वराची) यात्रा, त्यात गेल्या आठवड्यात महापालिकेच्या प्रचाराचे भोंगे. होम मैदानाच्या आसपास मोबाईलला नेट म्हणून नव्हतं. लाखभर माणसं एका जागी आली की टॉवरचं हे असंच होतं.

शांतपणे ४८० चा हिशोब केला. फेरी ९४.२ मिनिटं, दिवसाला १५.२९ फेऱ्या. वेळेतली बचत चारही उड्यांची मिळून एक मिलिसेकंदसुद्धा नाही, त्यामुळं 'खाली आले म्हणजे नेट पळणार' असं गिऱ्हाइकाला सांगायचं नाही. दिसण्याचं वर्तुळ ९४० वरून ८४० वर येतं, क्षेत्रफळात वीस टक्के घट. १,५८४ चाच थर धरला तर सोलापूरच्या वाट्याचे सातचे सहा होतात. उलट बाजूनं, जवळून टाकलेला झोत जमिनीवर लहान पडतो, म्हणजे तीच लहरपट्टी शेजारच्या तुकड्यात परत वापरता येते. छत्रीच्या कोनात काही बदल नाही. आप्पांचा कडुलिंब आहे तिथंच.

भाच्याचं म्हणणं नवीन फ्लेक्स छापावा. मी नको म्हटलं. ५५० च्या रेघेवर पांढरी पट्टी चिकटवली आणि त्यावर आकडा खडूनं लिहायचा.

१ फेब्रुवारी, रविवार

वहीत दहा उपग्रहांची घरं आखली. दर रविवारी प्रत्येकाचा फेऱ्यांचा आकडा उतरवायचा, १५.०६ चा १५.२९ होईपर्यंत. भाच्यानं हे आपोआप करणारा प्रोग्रॅम लिहिलाय. तरी मी हातानंच लिहिणार, त्याशिवाय लक्षात राहत नाही.

नान्नजलाही परत जायचंय. ४८० वरचा उपग्रह सावलीत लवकर शिरणार, सूर्य साडेएकवीस अंश खाली गेला की लगेच. या वेळी सेकंद दाखवणारं घड्याळ न्यायचं. मित्राच्या आईला विचारलं, द्राक्षं उतरायच्या आत या म्हणाल्या, नंतर बागेत छाटणीची गडबड असते.

आप्पांचा काल परत फोन. "आलं का ओ ते?" म्हटलं, अजून नाही. माळवदावरची जागा मोकळी ठेवा, कडबा तिथं रचू नका.